थंडीत चालायला जा, पण पहाटे नको

डिसेंबर उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात, कधीकधी एकाच पानावर. एकीत पारा उतरल्याचं कौतुक, कानटोप्या घातलेल्या लोकांचे फोटो आणि 'व्यायामाला हाच ऋतू उत्तम' असा डॉक्टरांचा सल्ला. दुसरीत धुरक्यात हरवलेल्या सी लिंकचा फोटो आणि 'शक्यतो बाहेर पडू नका' असा सल्ला, तोही डॉक्टरांचाच. वाचणाऱ्याने करायचं काय?

दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला बाबांनी विचारला. बाबा ७३ वर्षांचे. पहाटे साडेपाचला निघून शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारायच्या आणि कट्ट्यावर मंडळींशी गप्पा मारून साडेसातला घरी यायचं, हा त्यांचा तीसेक वर्षांचा नेम. दर डिसेंबरात त्यांना कोरडा खोकला लागायचा आणि होळीच्या सुमारास आपोआप जायचा. आम्ही सगळे म्हणायचो, थंडी बाधली. आईने आल्याचा काढा दिला, हळदीचं दूध दिलं, मफलर बांधायला लावला. मफलर जाड होत गेला, खोकला तसाच राहिला. मग मी जरा खोलात शिरून वाचायला लागले. जे कळलं ते इथे सांगते आहे, कारण बाबांसारखे पहाटे उठून मैदान गाठणारे लोक या शहरात हजारोंनी आहेत.

बाहेर जाणं सोडायचं नाही, जायची वेळ बदलायची, एवढंच मला सांगायचं आहे. पण तीस वर्षांची सवय नुसतं सांगून मोडत नाही, कारण पटावं लागतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मुंबईची थंडी बाधते का?

मुंबईत जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण १६-१७ अंशांवर येतं, कुलाब्याकडे त्याहून थोडं जास्तच असतं. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ला. तशी थंडी आपल्या वाट्याला पुन्हा आलेली नाही.

१६ अंशांत चालणाऱ्या माणसाच्या शरीराला काय होतं? खरं तर बरं वाटतं. आपले स्नायू काम करतात तेव्हा त्यांनी वापरलेल्या ऊर्जेचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णतेत जातो. ही उष्णता बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. दहा मिनिटांत शर्ट चिकटतो, हृदय जोरजोरात धडधडायला लागतं आणि माणूस दमून बसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, घाम लगेच उडून जातो आणि तोच माणूस तेवढ्याच श्रमात दुप्पट चालतो. २००४मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत भरते ती याच हिशेबाने.

तेव्हा पहिला सल्ला देणारे डॉक्टर चुकत नाहीत. व्यायामासाठी आपल्याला वर्षातून जेमतेम तीन महिने चांगले मिळतात, ते हेच. फक्त घाम दिसत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, तेवढं सांभाळायचं.

मग खोकला कशाचा?

शिवाजी पार्कची लाल माती दादरकरांना सांगायला नको. पाऊस संपून मैदान वाळलं की ती उडते, खिडकीच्या गजांवर बसते आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर उतरते. तिच्याविरुद्ध रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. पण डोळ्यांना दिसणारी ही धूळ बरीचशी नाकातल्या केसांत आणि घशातल्या ओलाव्यात अडकते. शिंक येते, नाक शिंकरलं की लालसर निघते आणि विषय संपतो.

खरा त्रास दिसत नाही त्या कणांचा आहे. बातम्यांत 'पीएम २.५' असा शब्द येतो. हवेत तरंगणारे आणि अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेले कण, एवढाच त्याचा अर्थ. आपला केस त्यांच्यापेक्षा वीस-तीस पट जाड असतो. गाड्यांचा धूर, कचरा आणि लाकूड जाळल्याचा धूर, कारखाने आणि भट्ट्या यांतून हे कण येतात. यापुढे मी त्यांना बारीक कण म्हणेन. नाकाची चाळणी त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि त्यांतले काही तिथून रक्तातही उतरतात. म्हणून त्यांचा संबंध खोकल्या-दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे.

आमच्या गॅलरीतली तुळस जुलैत हिरवीगार चमकते. जानेवारीत तिचं पान ओल्या बोटाने पुसलं तर बोटावर काळसर, तेलकट डाग राहतो. लाल मातीचा डाग असा नसतो. बाबांना मी हेच करून दाखवलं होतं.

"पहाटेची हवा ताजी असते ना?"

हा बाबांचा पहिला आक्षेप. तो लहानपणापासून आपल्या सगळ्यांच्या मनात बसलेला आहे. पहाटे रस्ते मोकळे असतात, गारवा असतो, म्हणजे हवा स्वच्छच असणार असं वाटतं. हिवाळ्यातल्या मुंबईत नेमकं उलट घडतं.

दिवसा ऊन जमिनीला तापवतं, जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर जाते. तिच्याबरोबर धूरही वर जाऊन पांगतो. रात्री जमीन झपाट्याने निवते. तिला टेकलेली हवाही गार होऊन जड होते आणि खालीच बसते. तिच्या वर त्या मानाने उबदार हवेचा थर राहतो. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते, इथे वर उबदार आणि खाली गार असा उलटा प्रकार. शाळेच्या भूगोलात याला 'तापमानाची विपरीतता' म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो उबदार थर शहरावर बसतो आणि खालचा धूर खालीच कोंडतो.

लोकलचं उदाहरण घेतलं तर लगेच कळेल. समजा, रोज १२ डब्यांच्या गाडीने जाणारी माणसं एके दिवशी तीन डब्यांत बसवली. माणसं तेवढीच आहेत, पण श्वास घ्यायला जागा नाही. हिवाळ्याच्या रात्री तेच होतं. धूर वाढलेलाच असतो असं नाही, तो सामावून घेणाऱ्या हवेची जागा आकसलेली असते. रात्री उशिरापर्यंत धावणाऱ्या ट्रकांचा धूर, जळालेला कचरा, बेकऱ्यांच्या भट्ट्या, सगळं त्या तीन डब्यांत भरत जातं आणि पहाटे गर्दी सर्वांत जास्त होते. ही गर्दी पावसाळ्यात धुऊन निघते. ऑक्टोबरनंतर मात्र पाऊस नाही आणि वाराही मंद.

हे झाकण डोळ्यांनी पाहता येतं. पहाटे एखाद्या फाटकापाशी शेकोटी पेटलेली असेल तर तिच्या धुराकडे बघा. तो सरळ वर जातो, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो आणि तिथे वाकून आडवा पसरतो. सकाळी दहाला तोच धूर वर चढून दिसेनासा होतो.

जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. ऊन पडून जमीन तापायला आणि झाकण उचललं जायला आणखी दीड-दोन तास लागतात, नऊ-साडेनऊ सहज होतात. म्हणजे बाबा साडेपाच ते साडेसात फिरायचे ती वेळ, हवेच्या दृष्टीने, दिवसातल्या सर्वांत वाईट वेळांपैकी एक होती.

"आम्ही समुद्रावर जातो, तिथे काय प्रश्न?"

खारे वारे आणि मतलई वारे पाचवी-सहावीत पाठ केलेले आठवतात? दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. मच्छीमारांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही, शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावरच बाहेर पडायच्या.

आता मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी पहाटे सहाला समुद्राकडे तोंड करून उभं राहा. झुळूक असलीच तर ती पाठीवर लागेल. म्हणजे समोर अथांग समुद्र असला तरी तुमच्या नाकात शिरणारी हवा गिरगाव, भायखळा, परळ ओलांडून आलेली असते. दादर चौपाटी, वरळी सी फेस, जुहू, सगळीकडे तीच गोष्ट. समुद्राची स्वच्छ हवा मिळायची तर खारा वारा सुटावा लागतो आणि हिवाळ्यात तो उशिरा, दुपारकडे सुटतो.

म्हणून हिवाळ्यात साधारणपणे सर्वांत बरी हवा मिळते ती दुपारी दोन-तीनपासून सूर्यास्ताच्या आधीपर्यंत. झाकण उचललेलं असतं आणि वाराही समुद्राकडून येत असतो. उन्हात वाढणारा ओझोन हा वायू दुपारी जास्त असतो हे खरं आहे, आणि दम्याच्या रुग्णांनी ते लक्षात ठेवावं. पण मुंबईच्या हिवाळ्यात बहुतेक दिवशी डोकेदुखी असते ती कणांची. सूर्य मावळला की जमीन पुन्हा निवायला लागते आणि संध्याकाळच्या वाहनांचा धूर साचू लागतो. म्हणून साडेचार ते सहा हा वेळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. मुलांची मैदानावर उतरायची वेळही तीच आहे, ती बदलायची गरज नाही.

अ‍ॅपवरचा आकडा कसा वाचायचा?

हवेची प्रत सांगणाऱ्या आकड्याला एक्यूआय म्हणतात, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. आपल्याकडे त्याच्या सहा पायऱ्या आहेत. ५०पर्यंत चांगली, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत वाईट, ४००पर्यंत अति वाईट आणि त्यापुढे गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर तो मोफत पाहता येतो.

यात दोन ठिकाणी लोकांची फसगत होते. पहिली म्हणजे कणांचा हा आकडा गेल्या २४ तासांची सरासरी असतो. पहाटे साडेपाचला अ‍ॅपवर १२० दिसलं म्हणजे त्या क्षणी हवा १२०ची आहे असं नव्हे. पूर्ण डावाचा रनरेट पाहून चालू षटकात किती धावा निघताहेत हे कळत नाही, तसंच हे. काही केंद्रांचे तासागणिक आकडेही दिसतात. शक्य असेल तर ते बघा, आणि तुमच्या घराजवळच्या केंद्राचे बघा. चेंबूर, बीकेसी आणि बोरिवलीची हवा एकाच दिवशी एकसारखी नसते.

दुसरी फसगत परदेशी अ‍ॅपमुळे होते. एकाच वेळी एक अ‍ॅप १०० दाखवतं आणि दुसरं १५०च्या पुढे, मग लोकांना वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. खोटं कोणीच बोलत नसतं. एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम बारीक कण असले तर भारतीय मोजपट्टी त्याला १०० म्हणते, म्हणजे 'समाधानकारक'ची शेवटची पायरी. अमेरिकेची मोजपट्टी कडक आहे, ती त्याच हवेला १५०च्या वर नेऊन सर्वांसाठीच अपायकारक ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा तर २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम आहे. माझं स्वतःचं मत असं की घरात म्हातारं माणूस, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर 'समाधानकारक' या शब्दावर विसंबू नये.

"मग घरातच व्यायाम केलेला काय वाईट?"

हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. चालताना आपण स्वस्थ बसलेलो असतो त्यापेक्षा तीन-चार पट हवा आत घेतो, धावताना आठ-दहा पट. शिवाय दम लागला की तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची चाळणी बाजूलाच राहते. मग खराब हवेत व्यायाम करून आपण नुकसानच करून घेतो का?

केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये हा हिशेब मांडला होता. चालण्याचे आणि सायकल चालवण्याचे फायदे एका पारड्यात, प्रदूषणाचा तोटा दुसऱ्यात. दिल्लीइतक्या खराब हवेतसुद्धा आठवड्याला पाच तासांहून जास्त सायकल चालवली तरच तोट्याचं पारडं जड होतं, असं त्यांना दिसलं. मुंबईची हवा वर्षभराच्या सरासरीने दिल्लीपेक्षा पुष्कळ बरी आहे. हा हिशेब वर्षाच्या सरासरीवरचा आहे, एखाद्या अति वाईट दिवसाचा नाही. पण एवढं नक्की की चालणं सोडून सोफ्यावर बसणं हा उपाय नाही.

जागेचा मुद्दा मात्र फार मोठा आहे. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या ११९ जणांवर एक प्रयोग झाला. त्यांत धडधाकट लोक होते, हृदयविकाराचे होते आणि फुप्फुसाच्या जुन्या आजाराचेही होते. प्रत्येकाला एकदा हाइड पार्क या मोठ्या बागेत दोन तास चालवलं आणि एकदा डिझेल बसगाड्यांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास. बागेत चालल्यावर फुप्फुसांची क्षमता आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारली. रस्त्यावर चालल्यावर तो फायदा बराचसा पुसला गेला. माणसं तीच होती, चालणंही तेवढंच.

आपल्याकडे याचा अर्थ असा की एलबीएस मार्गाच्या किंवा हायवेच्या कडेने एक तास चालण्यापेक्षा आतल्या गल्लीत, बागेत किंवा मैदानाच्या मध्यावर अर्धा तास चाललेलं बरं. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं तरी फरक पडतो. उपनगरांत राहणाऱ्यांच्या हाताशी तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, जवळजवळ १०४ चौरस किलोमीटर पसरलेलं. रविवारी उन्हं वर आल्यावर कान्हेरीच्या चढाला लागा. मुंबईकराला याहून चांगली व्यायामशाळा मिळणं कठीण आहे.

आणि घरातली हवा बाहेरूनच येते हे विसरू नये. त्यात अगरबत्ती, डासांची कॉइल आणि फोडणीचा धूर यांची भर. घरात सूर्यनमस्कार घालायचेच असतील तर जरूर घाला, पण स्वयंपाक चालू असताना नको.

"आमची आठची लोकल असते, आम्ही कधी जायचं?"

संध्याकाळी साडेचारला मैदानावर जाणं बाबांना जमलं, कारण ते निवृत्त आहेत. नोकरदारांना हा सल्ला ऐकून राग येईल आणि तो बरोबरच आहे.

त्यांनी दुपारच्या सुट्टीकडे पाहावं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि तो तुकड्यांत केला तरी चालतो. डबा खाण्याआधी वीस मिनिटं झपझप चालून या. फोर्टातल्या लोकांना आझाद मैदान आणि ओव्हल आहे. मे महिन्यात हे सुचवलं तर लोक मारायला उठतील, पण जानेवारीतल्या दुपारी सावली धरून चालणं सुखाचं असतं. उरलेली दहा मिनिटं संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना निघतात. त्वचेला थोडं ऊन मिळतं हाही फायदाच आहे. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण पहाटेच्या कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात.

पहाटेशिवाय इलाजच नसेल तर धावू नका, चाला, आणि तेही मोठ्या रस्त्यापासून लांब. जोरकस पळणं शनिवार-रविवारसाठी ठेवा आणि नऊनंतर करा. मास्क लावायचा तर एन-९५ लावा, चेहऱ्याला घट्ट बसलेला. रुमाल किंवा कापडी मास्क बारीक कणांना अडवत नाही. एन-९५ लावून चालता येतं, धावताना मात्र जीव गुदमरतो.

दम्याच्या रुग्णांनी इन्हेलर खिशात ठेवल्याशिवाय बाहेर पडू नये. हृदयविकार असलेल्यांनी आधी दहा मिनिटं सावकाश चालून मग वेग वाढवावा, कारण सकाळी उठल्याउठल्या रक्तदाब चढता असतो. छातीत दडपण, दम किंवा न थांबणारा खोकला जाणवला तर फेरी पुरी करायचा हट्ट न धरता बसावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

फाटकापाशची शेकोटी

महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांसाठी नियम काढले. भोवती उंच पत्रे, इमारतीला कापड, राडारोडा झाकून नेणं, धुळीवर पाणी मारणं. तुमच्या शेजारच्या बांधकामावर हे होत नसेल तर तक्रार केलीच पाहिजे. पण एक गोष्ट आपल्या फाटकाच्या आत आहे आणि तिच्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन काका पहाटे चारला शेकोटी पेटवायचे. वाळका पाला, खोक्यांचे पुठ्ठे आणि त्यात कधी एखादी प्लास्टिकची पिशवीही. बाबा रोज तिच्याशेजारून जायचे, "काय काका, थंडी आहे ना?" म्हणून दोन मिनिटं हात शेकायचे आणि मग शुद्ध हवेसाठी पुढे निघायचे. काका तर रात्रभर तिथेच बसलेले असत. त्यांनाही खोकला होता, बाबांपेक्षा जास्त. तो आम्ही कोणी कधी मोजलाच नव्हता.

शेकोटी बंद करा असा फलक लावायचं सभेत ठरत होतं. बाबाच म्हणाले, "त्यांना थंडी वाजते म्हणून पेटवतात, आधी त्याचं बघा." मग वर्गणी काढून जाड जाकीट, कानटोपी आणि पायमोजे घेतले. केबिनची फुटलेली काच बसवली, आत हीटर लावला. खर्च दिवाळीच्या रोषणाईपेक्षा कमी आला. पाला आता मागच्या खड्ड्यात खतासाठी जातो.

बाबा हल्ली साडेचारला निघतात. कट्ट्यावरच्या जुन्या मंडळींपैकी चौघं संध्याकाळकडे वळली आहेत, बाकीची अजून पहाटेच येतात. गेल्या हिवाळ्यात बाबांचा खोकला आठवडाभर होता. काकांचा अजून पूर्ण गेलेला नाही, पुढच्या आठवड्यात त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचं ठरलं आहे.